ढीग केव्हा ठरतो, केव्हा ओघळतो

अहमदनगर, म्हणजे सांप्रतच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव. शनिशिंगणापूरला जाणारे यात्रेकरू त्याला फाट्यामुळे ओळखतात, आणि चहूकडचे शेतकरी त्याला जनावरांच्या व कांद्याच्या बाजारामुळे ओळखतात. नेवासे बाजार समितीच्या येथील उपबाजारात लिलावाच्या सकाळी गोण्यांनी लादलेली वाहने येऊन लागली, म्हणजे एकाच पदार्थाच्या तीन अवस्था एकाच आवारात, एकमेकींपासून हातभर अंतरावर, पाहावयास मिळतात. तोंड शिवलेल्या गोण्यांची थप्पी इतकी टणक असते की हमाल पाठीवर आणखी एक गोणी घेऊन तिच्यावर निर्धास्तपणे पाऊल टाकतो. तीच गोणी उसवून उलटी केली की आतला कांदा खळखळत, सखल जागा शोधीत, जमिनीवर पसरतो. आणि क्षणभराने, कोणीही न अडवता, तोच कांदा एका ठरावीक उताराचा ढीग होऊन निश्चल राहतो. त्या ढिगाच्या पायथ्याचा एखादा कांदा कोणी वाननमुना पाहण्यासाठी उचलला, तर बहुधा काहीच होत नाही; पण तसाच दिसणारा दुसरा एखादा कांदा उचलताच ढिगाची सबंध कूस ओघळून पायाशी येते.

पाण्याचा ढीग होत नाही आणि दगड पसरत नाही, म्हणून घन व द्रव ही वर्गवारी आपण पदार्थाच्या जातीवरून करतो, आणि ती बहुतेक ठिकाणी निभावते. परंतु कांदा, ज्वारी, साखर, वाळू, मुरूम, डोंगरउतारावरील सैल माती यांच्याबाबत ही वर्गवारी कोसळते, कारण येथे घनता किंवा द्रवता कणाच्या अंगी नसून कणांच्या मांडणीत असते. ती मांडणी किती दाटलेली आहे, तिच्यावर चहूबाजूंनी किती दाब आहे, तिला किती वेगाने सरकवले जात आहे, आणि आजवर तिच्यावर काय काय गुजरले आहे, या चार गोष्टींवरून तिची अवस्था ठरते. एक थर दुसऱ्या थरावरून घसरवू पाहणाऱ्या ताणाला यंत्रशास्त्रात कर्तन म्हणतात. कर्तनाखाली कणमय पदार्थ घन केव्हा राहतो आणि द्रव केव्हा होतो, हा प्रश्न अडीच शतके अभ्यासला जात असून त्याचा काही भाग उत्तम सुटला आहे, काही भाग अद्याप वादात आहे. या दोहोंची सीमा कोठे पडते हे नीट पाहिल्यावाचून आपल्या जिल्ह्यातील कांदाचाळ, धरणाची भिंत किंवा सह्याद्रीतील दरड यांपैकी एकाचाही विचार पुरा होत नाही, असे माझे मत आहे.

या शास्त्राचा पाया एका लष्करी अभियंत्याने घातला. शार्ल ऑगुस्तँ कूलाँ याने मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामाचा अनुभव घेऊन १७७३ साली पॅरिसच्या अकादमीपुढे एक प्रबंध वाचला, त्यात मातीला अडवणाऱ्या भिंतीवर किती भार येईल याची मीमांसा होती. त्याचा नियम असा की मातीचा एक थर दुसऱ्यावरून घसरण्यास जो विरोध होतो, तो त्या थरावरील दाबाच्या प्रमाणात वाढतो, आणि मातीला चिकटपणा असेल तर त्याची त्यात भर पडते. कोरड्या व चिकटपणा नसलेल्या कणांच्या बाबतीत यावरून एक विलक्षण निष्कर्ष निघतो: ढिगाचा उतार त्याच्या आकारमानावर अवलंबून नसतो. मूठभर वाळूचा ढीग आणि डोंगराएवढा वाळूचा ढीग साधारणपणे एकाच उताराचे, तीस ते पस्तीस अंशांचे असतात, कारण ढीग मोठा झाला की घसरवणारे वजन आणि रोखणारे घर्षण ही दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. १८५७ साली रँकिनने या विचाराला गणिताची अधिक सुघड बैठक दिली आणि तेव्हापासून सार्वजनिक बांधकाम खात्याच्या प्रत्येक संरक्षक भिंतीच्या हिशेबात हे दोघे हजर असतात.

हा नियम जितका उपयोगी आहे तितकाच अपुरा आहे. तो ढीग मोडण्याचा क्षण सांगतो. मोडल्यानंतर काय होते याविषयी तो काहीही सांगत नाही. शिवाय मोडण्याचा क्षणही एकच नसतो, कारण स्थिर ढीग ज्या उतारावर ओघळू लागतो तो कोन मोठा, आणि ओघळणारा ढीग ज्या उतारावर थांबतो तो कोन त्याहून लहान असतो. या दोन कोनांच्या मधल्या पट्टीत असलेला ढीग स्थिर असेल तर स्थिरच राहतो आणि वाहत असेल तर वाहतच राहतो. म्हणजे नुसता उतार मोजून त्याची अवस्था सांगता येत नाही, त्याचा पूर्वेतिहास विचारावा लागतो. घोडेगावच्या ढिगातून एक कांदा निमूटपणे निघतो आणि दुसरा कूस खाली आणतो, त्याचे निम्मे स्पष्टीकरण या पट्टीत आहे.

पुढचे महत्त्वाचे पाऊल ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने १८८५ साली टाकले. दाटून बसलेल्या कणांना सरकवायचे, तर प्रत्येक कणाला शेजारच्या कणाच्या पाठीवर चढून पलीकडे उतरावे लागते, आणि सर्वच कण एकमेकांवर चढू लागले म्हणजे एकूण पदार्थ फुगतो, हे त्याने दाखवून दिले. प्रवरासंगमाच्या ओल्या वाळूत पाऊल रोवून उभे राहिले असता पावलाभोवतीची वाळू क्षणभर फिकी, कोरडी पडल्यासारखी दिसते, त्याचे कारण हेच: पायाच्या दाबाने वाळू पिळली न जाता फुगते, कणांमधील पोकळ्या वाढतात, आणि पृष्ठभागावरचे पाणी त्या पोकळ्यांत आत ओढले जाते. रेनॉल्ड्सने रबराच्या पिशवीत बारीक गोळ्या व रंगीत पाणी भरून, वर काचेची नळी बसवून, ती पिशवी दाबली असता नळीतील पाणी चढण्याऐवजी उतरते हे प्रत्यक्ष दाखवले.

या एका गुणधर्मात शिवलेल्या गोणीचे सारे रहस्य आहे. हमालाच्या पावलाखाली गोणीतल्या कांद्यांना सरकायचे असेल तर आधी फुगावे लागेल, फुगायचे तर तागाचा कपडा ताणावा लागेल, आणि ताणलेला कपडा उलट कांद्यांनाच अधिक घट्ट आवळील. म्हणजे कर्तन जसजसे वाढते तसतसा त्याला रोखणारा दाब आपोआप वाढत जातो, आणि म्हणून कणांचा तो समुच्चय बाहेरून कोणतेही बंधन वाढवले नसतानाही अधिकाधिक घन होतो. कपडा सैल असेल, गोणी अर्धवट भरली असेल, तर फुगण्यास आतच मुभा मिळते आणि थप्पी कलंडते. गोणी भरताना ती दोन-चारदा जमिनीवर आपटून कांदा बसवून घेण्याची आणि मग तोंड शिवण्याची जी पद्धत आहे, तिचे यंत्रशास्त्र रेनॉल्ड्सच्या पिशवीतच आहे. उलट कण सुरुवातीलाच सैल असतील तर कर्तनाखाली ते फुगत नाहीत, आकसतात. दाट असलेला पदार्थ सैल होत जातो, सैल असलेला दाट होत जातो, आणि पुरेसे सरकल्यावर दोघेही एकाच मधल्या दाटणीला येऊन पोहोचतात, हा सिद्धांत आर्थर कॅसाग्रांडे याने १९३६ साली मांडला आणि १९५८ मध्ये केंब्रिजच्या रॉस्को, स्कोफील्ड व रॉथ यांनी त्यावर मृदायंत्रशास्त्राची सबंध इमारत उभी केली. त्या मधल्या दाटणीला क्रांतिक दाटण म्हणतात. पाण्याचा विषय येईल तेव्हा ही संज्ञा पुन्हा लागेल.

ढीग स्थिर असताना त्याच्या पोटात काय चाललेले असते, हा वेगळाच प्रांत आहे. १८९५ साली ब्रेमेनच्या यान्सेन याने धान्याच्या उभ्या कोठारांवर प्रयोग करून असे दाखवले की कोठारात धान्य चढवीत गेले तरी तळावरचा दाब एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. पाण्याच्या टाकीत तो खोलीबरोबर सरळ वाढत जातो. धान्याचा भार आडवा वळतो, भिंतींना टेकतो, आणि भिंतीवरील घर्षण त्याला तोलून धरते. देशावरच्या जुन्या गावांतून ज्वारी पेवांत ठेवीत, तेथे निरुंद पेवाच्या तळच्या ज्वारीवर वरच्या सबंध राशीचे ओझे येत नसे. त्याचा हिस्सा पेवाच्या भिंती उचलीत. आडव्या वळणाऱ्या याच भारामुळे कांदाचाळीच्या बाजूच्या पट्ट्या बाहेर फुगतात, आणि चाळीची पाखी चारएक फूट रुंद व कांद्याचा थर पाचएक फुटांपर्यंतच ठेवावा असे जे सांगितले जाते, त्यात हवा खेळण्याचा विचार प्रमुख असला तरी तळच्या कांद्यावरील दाबाचाही विचार आहे.

मात्र हा भार सर्व कणांना सारखा वाटला जात नाही. प्रकाशात ताण दाखवणाऱ्या पारदर्शक चकत्या दाबून त्यांच्यातील रंगांच्या रेषा पाहण्याची युक्ती फ्रान्सच्या दांतू याने १९५७ साली वापरली, आणि पुढे अनेकांनी, विशेषतः अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट बेरिंजर यांनी, ती फार सूक्ष्म केली. तीत दिसते ते असे की थोडे कण मिळून रांगा करतात, त्या रांगा भार वाहतात, आणि त्यांच्या मधले पुष्कळसे कण जवळजवळ बिनताणाचे बसून असतात. या रांगांना बलशृंखला म्हणतात. चाळीच्या तळाशी दोन शेजारी कांदे सारख्याच हवेत असतानाही एक दबून चेपतो आणि दुसरा शाबूत राहतो, यास बलशृंखला हे एक कारण असू शकते; आणि शृंखलेतला एखादा कांदा सडून मऊ पडला की ती शृंखला मोडते, तिचा भार शेजारच्या नव्या रांगेवर जातो, आणि वरचा सबंध थर बोटभर खाली बसतो. बाजारातल्या ढिगातून एखादा कांदा उचलल्यावर ढीग ओघळेल की नाही, याचे उरलेले निम्मे उत्तर तो कांदा शृंखलेतला होता की बाहेरचा, यावर अवलंबून असते. बाहेरून दोन्ही कांदे सारखेच दिसतात, आणि ही या शास्त्राची मोठी अडचण आहे.

आता वाहणाऱ्या कणांकडे वळू. वाळवंटातील वाळूचा अभ्यासक राल्फ बॅग्नोल्ड याने १९५४ साली कर्तनाखालील कणांवर प्रयोग करून त्वरेने सरकणाऱ्या कणांचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे दाखवले, आणि १९८० च्या दशकात वायूंच्या गतिज सिद्धांताच्या धर्तीवर, एकमेकांवर आदळत उडणाऱ्या कणांचे गणित तयार झाले. पण गोणीतून ओतलेला कांदा उडत नाही; त्याचे कण परस्परांना धरून, दीर्घकाळ एकमेकांना टेकून, वाहतात. या मधल्या दाट प्रवाहाला नियम मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. २००४ साली फ्रान्समधील संशोधकांच्या एका मोठ्या गटाने अनेक प्रयोगशाळांतील निरीक्षणे एकत्र करून दोन कालांच्या एका साध्या गुणोत्तराकडे लक्ष वेधले, ज्याला जडत्वांक म्हणता येईल: वरच्या दाबाने कणाला शेजारच्या पोकळीत बसण्यास लागणारा काळ हा त्यातला एक, आणि थर सरकून एका कणाला दुसरा ओलांडण्यास लागणारा काळ हा दुसरा. पहिला काळ दुसऱ्याच्या हजाराव्या भागाहून कमी असेल तर पदार्थ सावकाश विरूप होणाऱ्या घनासारखा वागतो. दशांशाच्या पुढे गेला तर तो उडणाऱ्या कणांच्या वायूकडे झुकतो. मधली पट्टी दाट द्रवाची. २००६ साली जोप, फोर्तेर आणि पुलिकेन या त्रयीने याच अंकावर घर्षण कसे वाढते याचा नियम बांधला. काचेच्या मण्यांसाठी ते ०.३८ पासून ०.६४ पर्यंत चढते. त्या एकाच नियमाने त्यांनी ढिगावरून वाहणाऱ्या प्रवाहाचा सबंध आकार आधी वर्तवला आणि मग मोजून पडताळला. कूलाँच्या नंतर या विषयात इतका स्वच्छ नियम कोणी दिला नाही, असे मला वाटते.

हा नियम आपल्या मालाला लावून पाहिला असता एक लक्षणीय गोष्ट हाती येते. कांद्याच्या राशीचे वजन घनमीटरला सुमारे सहाशे किलो धरले, तर अर्धा मीटर खोलीवर दाब तीन हजार पास्कलच्या आसपास भरतो, आणि ५ सेंटिमीटर व्यासाच्या कांद्याला त्या दाबाखाली पोकळीत बसण्यास सुमारे ०.०३ सेकंद लागतो. तेवढ्याच खोलीवर अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूच्या कणाला तेच करण्यास त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका, म्हणजे सुमारे ०.०००३ सेकंद, पुरतो. आता दोन्ही राशींचा थर दर सेकंदाला आपल्या जाडीइतका सरकवला, तर जडत्वांक कांद्याचा ०.०३ आणि वाळूचा ०.०००३ येतो, एकाच वेगाने सरकवलेला कांदा दाट द्रवाच्या पट्टीत मोडतो आणि वाळू अजून घनाच्याच पट्टीत राहते. घन की द्रव हे कणाच्या आकारमानावरही कसे ठरते, याचा याहून सरळ दाखला मला ठाऊक नाही, आणि प्रयोगशाळेतील मण्यांवरचे निष्कर्ष बाजारच्या मालाला किंवा डोंगराच्या दगडगोट्यांना जसेच्या तसे का लावू नयेत, हेही यातून उघड होते.

निरुंद तोंडातून पडणाऱ्या कणांचा नियम याआधीच, १९६१ साली, बेव्हर्लू व त्यांच्या डच सहकाऱ्यांनी बियांवर प्रयोग करून दिला होता. बी किती वेगाने पडेल हे तोंडाच्या व्यासावर, व्यासाच्या अडीचाव्या घातावर, ठरते. वर बियांची रास किती उंच आहे याला महत्त्व नाही. तोंड कणाच्या पाच-सहापट रुंद नसेल तर कण कमान करून अडकतात आणि प्रवाह थांबतो. पाभरीच्या चाड्यावर मूठ धरणारी बाई हे दोन्ही नियम हाताने पाळीत असते: चाड्याच्या नळ्यांवर बियांची रास कधीच सोडत नाही, मुठीतून बोटांच्या फटीने बी असे झरू देते की नळीच्या तोंडाशी कमान बांधली जाण्याइतके दाणे एका वेळी तेथे जमूच नयेत, आणि झरण्याचा वेग मुठीत बी किती उरले आहे यावर नव्हे तर बोटांच्या फटीवर राखते. बी तुंबले तर तास रिकामे जाते, आणि ते उगवणीनंतर साऱ्या गावाला दिसते.

वाहताना कण आकारमानाप्रमाणे वेगळेही होतात. ओतलेल्या ढिगात मोठे कण अधिक दूर घरंगळून पायथ्याशी जमतात, लहान कण मोठ्यांच्या फटींतून गाळले जाऊन गाभ्याजवळ राहतात. आणि खडबडीत रस्त्याने हादरत आलेल्या मोकळ्या मालात मोठे कण वर येतात. मोठा कांदा आणि गोल्टी एकत्र ओतली तर ढिगाच्या कडेचा नमुना सबंध मालाचा नमुना नसतो, हे जाणता खरेदीदार हात आत घालून पाहतो. या पृथक्करणावर मुंबईच्या आय.आय.टी.तील देवांग खक्कर यांचे काम जगभर आधारभूत मानले जाते. ज्युलिओ ओटिनो यांच्यासह २००० साली त्यांनी लिहिलेला विस्तृत आढावा अजूनही या शाखेचे प्रवेशद्वार आहे.

वाहणे आणि थांबणे यांच्या मधला उंबरठा मात्र या सर्वांत अवघड ठरला आहे. १९९८ साली अँड्रिया लिऊ आणि सिडनी नेगेल यांनी असे सुचवले की दाटण वाढवून, ताण कमी करून किंवा, सूक्ष्म रेणूंच्या बाबतीत, तापमान उतरवून जखडला जाणारा प्रत्येक विस्कळीत पदार्थ एकाच नकाशावर मांडता यावा. गोळ्या यदृच्छेने भरल्या तर त्या जागेचा सुमारे ६४ टक्के भाग व्यापल्यावर जखडतात, हे आधीच माहीत होते. पण या नकाशाला २०११ साली एक महत्त्वाची दुरुस्ती झाली: बुलबुल चक्रवर्ती, बेरिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की जखडण्याच्या दाटणीहून कमी दाटणीचे, मोकळे असलेले कणही केवळ कर्तनाने जखडले जातात. कर्तनाच्या दिशेला आधी बलशृंखला एकाच बाजूने जोडल्या जातात. त्या वेळी पदार्थ तो ताण पेलतो पण दुसऱ्या दिशेचा ताण आल्यास मोडतो. कर्तन वाढत गेल्यास शृंखला चोहोबाजूंनी गुंफल्या जातात आणि पदार्थ खरा घन होतो. कर्तन पदार्थाला वितळवते ही आपली पहिली समजूत, आणि कर्तन पदार्थाला घट्टही करते हा प्रयोगाचा निर्वाळा, दोन्ही खरे आहेत. कोणते केव्हा, हे दाटणीवर आणि बंधनावर ठरते.

उंबरठ्याची दुसरी अडचण अशी की एका जागची अवस्था दुसऱ्या जागी काय चालले आहे यावरही अवलंबून असते. कर्तन पुष्कळदा कणाच्या पाच-दहापट जाडीच्या अरुंद पट्ट्यात गोळा होते आणि बाकीचा पदार्थ स्थिर दिसतो. पण त्या स्थिर भागात ठेवलेला जड गोळा, लांबवर पट्टा सरकू लागताच, द्रवात बुडावा तसा हळूहळू खाली जाऊ लागतो, हे २०१० मध्ये नेदरलँड्समधील प्रयोगांत दिसले. २०१२ साली केन कॅमरिन व जॉर्ज कोव्हाल यांनी या दूरच्या परिणामाचे गणित जडत्वांकाच्या नियमात गुंफले. २००१ मधील जपानी प्रयोगांत, वरचा थर वाहत असलेल्या ढिगाच्या खोल गाभ्यातील कणही फार मंदगतीने सरकत असल्याचे आढळले होते. २०२१ साली तर मुळीच न हलवलेला ढीगसुद्धा दिवसेंदिवस सूक्ष्मपणे सरकत राहतो, असे मोजले गेले. ज्याला आपण स्थिर ढीग म्हणतो, तो पुष्कळ सावकाश वाहणाराच निघण्याचा संभव आहे.

या टप्प्यावर बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कामाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. तेथील के. केशव राव आणि प्रभू नॉट यांचा कणप्रवाहावरील ग्रंथ २००८ साली केंब्रिजहून प्रसिद्ध झाला, आणि नॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक असा प्रयोग केला ज्याने यान्सेनचा शंभराहून अधिक वर्षांचा निष्कर्ष कर्तनाच्या बाबतीत उलटून टाकला. दोन नळकांड्यांच्या मधल्या जागेत कण भरून आतले नळकांडे हळूहळू फिरवले असता, भिंत कणांना वर तोलून धरण्याऐवजी खाली रेटते, आणि ताण खोलीबरोबर मर्यादित राहण्याऐवजी झपाट्याने वाढत जातो. चार वर्षांनी त्याचे कारणही त्यांनीच उलगडले: कर्तनाखाली फुगण्याच्या त्याच जुन्या, रेनॉल्ड्सच्या, गुणामुळे कणांत एक मंद उभा भोवरा निर्माण होतो आणि तो कणांना भिंतीलगत फिरवतो. धान्यकोठार रिकामे होताना भिंतींवर अनपेक्षित ताण येऊन ती फुटल्याचे दाखले अभियंत्यांना जुनेच आहेत. त्या दाखल्यांना आता यंत्रशास्त्राची भाषा मिळू लागली आहे.

सिद्धांतांच्या या इतिहासात एक वळण मला मार्ग सोडून गेल्यासारखे वाटते. १९८७ साली पेअर बाक व सहकाऱ्यांनी वाळूच्या ढिगाच्या नावाने एक संगणकी प्रतिमान मांडले, आणि लहानमोठ्या पडझडींचे एकच सार्वत्रिक प्रमाण भूकंपापासून बाजारभावापर्यंत सर्वत्र शोधले जाऊ लागले. खऱ्या वाळूने त्या प्रतिमानाचे फारसे ऐकले नाही. १९९६ साली नॉर्वेत तांदळाचे ढीग रचून पाहिले, तेव्हा लांबट तांदळाच्या ढिगात ते प्रमाण आढळले आणि कमी लांबट तांदळाच्या ढिगात आढळले नाही. कणाचा घाट बदलताच जो नियम बदलतो, तो सार्वत्रिक म्हणणे कठीण. आणि या विषयात जे टिकले ते प्रत्यक्ष कण दाबून, सरकवून, मोजून मिळालेलेच आहे.

येथवर कण कोरडे होते. पाणी आले म्हणजे प्रश्न जीविताचा होतो. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्याचे ठाणे असलेले दुसरे एक घोडेगाव आहे, आणि त्याच तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी, अतिवृष्टीत, वरच्या उताराची माती एकाएकी प्रवाही होऊन खाली आल्याने गाडले गेले. दीडशेच्या वर माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी, या वस्त्या त्याच रीतीने नाहीशा झाल्या. बेसाल्टाच्या झिजेने तयार झालेला मातीमुरमाचा थर वर्षानुवर्षे ज्या उतारावर टिकून होता, तोच थर काही क्षणांत नदीसारखा का वाहू लागतो, हा प्रश्न या लेखातील सर्व प्रश्नांत सर्वांत निकडीचा आहे.

त्याचे मूळ उत्तर कार्ल टेर्झागी याने १९२० च्या दशकात दिले: मातीच्या एकूण दाबातून कणांमधील पाण्याचा दाब वजा केला की जो उरतो, तेवढाच दाब कण एकमेकांवर देतात, आणि कूलाँचे घर्षण फक्त त्या उरलेल्या दाबावर चालते. पावसाने पाण्याचा दाब वाढला की माती जड होते, पण तिचे कण मात्र एकमेकांवरून हलके होतात. यापुढचे पाऊल क्रांतिक दाटणीचे आहे. माती दाट असेल तर सरकू लागताच ती फुगते, पोकळ्या वाढतात, पाणी आत ओढले जाते, पाण्याचा दाब घटतो, आणि घसरण आपल्या आपणच मंदावते. माती सैल असेल तर ती आकसते, पाण्याला निसटण्यास वेळ मिळत नाही, त्याचा दाब चढतो, कणांची पकड सुटते, आणि सबंध थर द्रव होतो. २००० साली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या रिचर्ड आयव्हर्सन यांनी ऑरेगॉनमधील भल्या मोठ्या उतरत्या पन्हळीत हेच माती भरून करून पाहिले. पोकळ्यांचे प्रमाण निम्म्याच्या जवळपास असलेली माती सेकंदाभरात सेकंदाला एक मीटरहून अधिक वेग घेऊन धावली. ते प्रमाण ०.४ च्या जवळ असलेली तीच माती सावकाश सरकत राहिली. एक दशांशाचा फरक, आणि त्याने पळून जाण्यास वेळ मिळतो की नाही हे ठरले.

मातीची भिंत बांधणारे अभियंते याच ज्ञानावर उभे आहेत. १९६५ साली सुरू होऊन १९७६ साली राष्ट्रार्पण झालेल्या पैठणच्या जायकवाडी धरणाची, म्हणजे ज्याचे पाणी नेवासे व शेवगाव तालुक्यांच्या शिवारांपर्यंत पसरले त्या नाथसागराची, सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत आणि नेवाशाच्या शेतीला पाणी देणाऱ्या मुळा धरणाची भिंत या दोन्ही मुख्यतः मातीच्या आहेत. अशा भिंतीत काळ्या मातीचा गाभा पाणी अडवतो आणि त्यावरचे मुरमाचे केसिंग भार पेलते. दर थर ठरावीक ओलीला आणून, पूर्वी धुमसाने व नंतर रोलरने, इतका दाबतात की माती क्रांतिक दाटणीच्या पलीकडे, दाट बाजूला, जाऊन बसावी आणि भूकंपाने वा पुराने कर्तन आलेच तर आकसून द्रव होण्याऐवजी फुगून घट्ट व्हावी. ही दक्षता नसेल तर काय होते, हे मिझूरी नदीवरील फोर्ट पेक धरणात २२ सप्टेंबर १९३८ रोजी दिसले: पाण्याबरोबर वाहवून टाकलेल्या, रोलर न फिरवलेल्या सैल भरावाचा एक मोठा भाग प्रवाही होऊन जलाशयात गेला आणि आठ कामगार दगावले.

डोंगराच्या उतारावर कोणी रोलर फिरवलेला नसतो. दरडप्रवण गावांच्या ज्या याद्या होतात, त्यांत उतार, पाऊस, खडक व झाडोरा यांची नोंद असते, आणि ती हवीच. पण उताराच्या थरात पोकळ्यांचे प्रमाण किती, हा आयव्हर्सनच्या प्रयोगात निर्णायक ठरलेला आकडा त्या नोंदींतून निघत नाही, कारण तो दुरून दिसत नाही आणि थरात भोक पाडून अविचलित नमुना काढल्याशिवाय मिळत नाही. त्यातही एक गुंता आहे. क्रांतिक दाटण ही स्थिर संख्या नसून दाबाबरोबर बदलते; उथळ थरात फुगणारी माती, तेवढ्याच दाटणीची असूनही, अधिक खोलीवर, मोठ्या दाबाखाली, आकसू शकते. म्हणून धरणाच्या भिंतीची माती प्रयोगशाळेत एकाच दाबाखाली न तपासता भिंतीच्या निरनिराळ्या उंचींशी जुळणाऱ्या अनेक दाबांखाली कर्तनाला लावली जाते, आणि सह्याद्रीच्या वस्त्यांवरील उतारांसाठीही, निदान ज्यांच्या खाली घरे आहेत त्यांच्यासाठी, तपासणीची हीच रीत अवलंबावी लागेल.